वर्ममध्ये बाहेरचा जीन टाकायचाय, इंजेक्शन करू की क्रिस्पर?

फोंड्याच्या एका एमएस्सीच्या मुलीने विचारलंय, की प्रोजेक्टसाठी माणसाचा अल्फा-सिन्युक्लीन जीन (पार्किन्सन्समध्ये याच्याच प्रोटीनचे गोळे होतात) सी. एलिगन्स या इवल्याशा सूत्रकृमीच्या, म्हणजे आपल्या वर्मच्या, जीनोममध्ये टाकून स्नायूंमध्ये प्रोटीनचे गोळे होतात का ते बघायचंय, हातात डिसेंबर ते एप्रिल एवढाच वेळ, गाईड म्हणतात साधं मायक्रोइंजेक्शन कर, सिनियर म्हणतो आता सगळे क्रिस्परच (डीएनए हवा तिथे कापून जीन बसवायची पद्धत) करतात, तर ऐकायचं कोणाचं? आणि जाता जाता, घरच्या कुळागरात (पोफळी-केळीच्या बागेत) केळीच्या मुळांत जे सूत्रकृमी आहेत त्यांच्यात हेच करता येईल का?

बाय, दोघांचंही बरोबर आहे, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. तुला एप्रिलमध्ये नेमकं काय मोजायचंय ते आधी ठरव, पद्धत मागाहून. मी पंधरा-सोळा वर्षं वर्मला सुया टोचतोय आणि ज्यांचे महिने फुकट गेलेले बघितले त्यातल्या बहुतेकांचा हात वाईट नव्हता, त्यांनी चुकीच्या पद्धतीने बनवलेल्या वर्मवर चुकीची गोष्ट मोजली होती.

पहिलं म्हणजे तू लिहिलंयस "जीनोममध्ये टाकायचाय", पण साध्या इंजेक्शनने जीन जीनोममध्ये जातच नाही. हे नीट समजून घे, पुढचं सगळं यावर उभं आहे. हर्माफ्रोडाइटच्या (नर-मादी एकातच असलेल्या वर्मच्या) गोनॅडला, म्हणजे अंडी बनतात त्या अवयवाला, दोन हात असतात आणि त्या हाताच्या टोकाकडच्या भागात पेशींची आवरणं पूर्ण झालेली नसतात, कडेने केंद्रकं आणि मधे सगळ्यांचं मिळून एकच सायटोप्लाझम, याला सिन्सिशियम म्हणतात. तिथे तू डीएनए सोडलास की तो पुढे सरकत एकाच वेळी बऱ्याच अंड्यांत शिरतो, आणि आत गेल्यावर प्लास्मिडचे (तुझा जीन घातलेल्या डीएनएच्या गोल कड्यांचे) तुकडे एकमेकांना जोडले जाऊन एक लांबलचक माळ बनते, त्यात तुझ्या जीनच्या डझनावारी, कधी शेकडो कॉप्या. ही माळ म्हणजे अॅरे. ती सहा क्रोमोसोमपैकी कशालाच चिकटत नाही, बाजूला सुटी राहते. मग ती टिकते कशी? माणसाच्या क्रोमोसोमला ओढून नेणारा दोर एका ठरावीक जागी बांधला जातो, सेंट्रोमियरला. वर्मचे क्रोमोसोम होलोसेंट्रिक, दोर लांबीभर कुठेही बसतो, त्यामुळे ही उपरी माळसुद्धा पेशी फुटताना बऱ्यापैकी ओढली जाते. मला आजही याचं नवल वाटतं, सेंट्रोमियर बांधून द्यावं लागलं असतं तर वर्मचं हे सगळं शास्त्र इतकं सोपं कधीच झालं नसतं.

पण बऱ्यापैकीच, पूर्ण नाही. काही पेशींत माळ हरवते, म्हणून एकाच वर्मच्या काही स्नायूंत जीन असतो काहींत नाही, आणि पिल्लांतही कुठल्या लाइनमध्ये (एका वर्मपासून वाढवलेल्या वंशात) १० टक्क्यांना मिळते तर कुठल्या लाइनमध्ये ९० टक्क्यांना. शिवाय जर्मलाइनमध्ये (अंडी-शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशींत) वर्म अशा एकसारख्या कॉप्यांच्या माळेला परकं समजून गप्प करतो, म्हणून अंड्यांत किंवा शुक्रपेशींत जीन चालवायचा असेल तर साधा अॅरे जवळपास निरुपयोगी. तुझं काम स्नायूंत आहे, त्यामुळे ही अडचण तुला नाही.

हे सगळं काही आजचं नाही. १९८५ मध्ये स्टिंचकॉम्ब आणि मंडळींनी दाखवलं की टोचलेला डीएनए असा सुटा टिकतो, १९८६ मध्ये अँड्र्यू फायरने थेट अंडपेशींच्या केंद्रकात टोचून जीन क्रोमोसोममध्ये बसवला, पण ते फार कष्टाचं काम होतं, आणि १९९१ मध्ये क्रेग मेलोने सिन्सिशियममध्ये टोचायची आज आपण करतो ती पद्धत रोल-६ मार्करसकट (मार्कर म्हणजे जीन शिरला हे दाखवणारी खूण) बसवून दिली. हेच दोघं पुढे १९९८ ला आरएनए इंटरफेरन्स (आरएनए देऊन जीन गप्प करणं) घेऊन आले आणि २००६ ला नोबेल मिळालं, आणि तो शोधही वर्मला आरएनए टोचूनच लागला हे लक्षात ठेव.

आता तुझ्याबद्दल. गोळे होतात का एवढंच दाखवायचं असेल तर अॅरेच कर, गाईड बरोबर सांगतायत. गोळे व्हायला प्रोटीन भरपूर लागतं आणि अॅरे ते भरपूर देतो. क्रिस्परने एकच कॉपी टाकलीस तर कदाचित वर्म म्हातारा होईपर्यंत तुला काहीच दिसायचं नाही आणि एप्रिल संपेल. पण मूळ जीन आणि ए५३टी म्यूटंट (त्याच जीनचं एक बिघडलेलं रूप) यांत कोणाचे गोळे जास्त अशी तुलना करायची असेल तर अॅरेवर ती करू नकोस, करू नकोसच. आमच्याकडे एका मुलाने हेच केलं होतं, एक मूळ जीनची लाइन, एक म्यूटंटची, तीन महिने गोळे मोजले, म्यूटंटमध्ये दुप्पट, सगळे खूश. मग मी सांगितलं आणखी दोन-दोन लाइन बनव, तर त्यात बरोबर उलटं आलं. म्यूटेशनचा संबंधच नव्हता, एका माळेत कॉप्या जास्त होत्या एका माळेत कमी. मी त्याला पहिल्या आठवड्यात थांबवायला हवं होतं, ते राहिलं आणि पोराचं सेमिस्टर गेलं. म्हणून अॅरेवर काहीही दाखवायचं तर कमीत कमी तीन स्वतंत्र लाइन, आणि स्वतंत्र म्हणजे वेगवेगळ्या टोचलेल्या आयांपासून आलेल्या.

अजून एक, सुई हातात घ्यायच्या आधी स्ट्रेन सेंटरची (वर्मच्या स्ट्रेन म्हणजे जाती सांभाळणाऱ्या केंद्राची) यादी बघ. मिनेसोटाच्या सीजीसीमध्ये एनएल५९०१ नावाची स्ट्रेन आहे, अंक-५४ (unc-54, स्नायूंत चालणारा वर्मचा जीन) प्रमोटरखाली (जीन कुठे चालेल ते ठरवणाऱ्या तुकड्याखाली) अल्फा-सिन्युक्लीन आणि वायएफपी (पिवळं चमकणारं प्रोटीन), क्रोमोसोममध्ये पक्की बसवलेली. ती आपल्याकडच्या कुठल्या वर्म लॅबमध्ये असेल तर मागून घे, वर्मवाले सहसा नाही म्हणत नाहीत, पोस्टाने प्लेट येते. ती तुझा कंट्रोल. तुझ्या वर्ममध्ये जे दिसतंय ते गोळेच की नुसती चमक, ते तिच्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

कन्स्ट्रक्टचं, म्हणजे टोचायच्या जोडलेल्या डीएनएचं, थोडक्यात सांगतो. स्नायूंसाठी अंक-५४ चा प्रमोटर, शेपटीला अंक-५४ चाच ३-प्राइम यूटीआर, आणि माणसाच्या सीडीएनएमध्ये (आरएनएवरून बनवलेल्या नकलेत) इंट्रॉन (जीनमधले प्रोटीन न बनवणारे तुकडे) नसतात म्हणून दोन-तीन छोटे कृत्रिम इंट्रॉन घालून घे, फायरच्या जुन्या व्हेक्टरांत (तयार प्लास्मिडांत) जीएफपीत (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनच्या जीनमध्ये) ते घातलेले असायचे ते याचसाठी, इंट्रॉन असले की वर्ममध्ये जीन जास्त चालतो. जीन बाहेरून सिंथेसाइज करून घेणार असशील तर कोडॉनही (जीनमधले तीन-तीन अक्षरांचे शब्द) वर्मला मानवतील असे करायला सांग, त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत.

मिक्समध्ये एकूण डीएनए साधारण १०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर धर. त्यात तुझं प्लास्मिड २० ते ५०, मार्कर, आणि उरलेलं रिकामं प्लास्मिड नाहीतर १ केबी लॅडर (साध्या डीएनएचे तुकडे). मार्कर दोन चालतील. रोल-६ घातलास तर वर्म सरळ चालायच्या ऐवजी लोळत गोल फिरतो, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतं, पण तुला पुढे हालचाल मोजायची असेल तर लोळणारा वर्म काय कामाचा? त्यापेक्षा मायो-२ चेरी घे, घसा लाल चमकतो, बाकी वर्म शहाण्यासारखा चालतो. फक्त तो २.५ नॅनोग्रॅमच घाल. एकदा माझ्याकडून दशांशचिन्ह हुकलं आणि २५ पडला, चाळीस वर्म टोचले, पिल्लांचे घसे असे लखलखले की काय सांगू, आणि सगळी पिल्लं घास गिळता न आल्याने पहिल्याच अवस्थेत अडकून मेली. हा मार्कर घशाच्या स्नायूत चालतो, जास्त झाला की तो स्नायूच बिघडतो. आणि मिक्स भरायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फुल स्पीडला फिरवून वरचंच घे, खालचा कण एक जरी सुईत आला तरी सुई तुंबली.

आता टोचायचं. हे वाचून येत नाही, पण कुठे बघायचं तेवढं सांगतो. काचेच्या कव्हरस्लिपवर २ टक्के अॅगारोजचा थेंब दाबून सपाट केलेला, वाळवलेला पॅड, त्यावर हॅलोकार्बन तेलाचा थेंब, त्यात तरुण वर्म सोडायचा, पोटात अंड्यांची एकच रांग असलेला, जास्त अंडी असलेला घेऊ नकोस. पापणीच्या केसाने त्याला अलगद खाली दाबायचं, कोरडा पॅड त्याच्या अंगातलं पाणी ओढतो आणि तो चिकटतो. इथून तुझं घड्याळ सुरू, पाचेक मिनिटांत परत पाण्यात आला नाही तर सुकून मरतो. ४० एक्सखाली गोनॅडचा हात दिसतो, कडेला केंद्रकं मधमाशीच्या पोळ्यासारखी आणि मधे राखाडी पट्टा. सुईचं टोक आणि तो राखाडी पट्टा एकाच वेळी फोकसमध्ये यायला हवेत, एक स्पष्ट आणि एक धूसर असेल तर तू त्याच्या वर नाहीतर खाली आहेस. टोक लाव, कातडी आत दबते, मग टेबलाला हलकीशी टिचकी आणि सुई आत. दाब दिलास की पट्ट्यातून लाट सरकताना दिसते, दोन्ही बाजूंना, हात टम्म फुगतो. ती लाट दिसली की बस, बाहेर. लाट न दिसता एका जागी फुगा आला तर तू आतड्यात नाहीतर बाहेरच्या पोकळीत आहेस, तो वर्म सोडून दे, त्याच्या पिल्लांची वाट बघू नकोस. मग वर एम९ (मिठाचं बफर) चा थेंब, वर्म सुटून पोहायला लागतो.

आपल्या गोव्यात यातली सगळ्यात मोठी अडचण कुठली म्हणशील तर हवा. बाहेरच्या प्रोटोकॉलमध्ये हे कुणी लिहीत नाही कारण त्यांना ते लागत नाही. जून ते सप्टेंबर पॅड पापडासारखे सादळतात, वर्म चिकटतच नाही, तेलात वळवळत राहतो आणि तू सुया मोडत बसतेस, माझा पहिला पावसाळा असाच गेला, मला वाटायचं हातच वाईट. पॅड ओव्हनमध्ये परत वाळवायचे, सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवायचे आणि लागतील तसे दोन-दोनच बाहेर काढायचे, एसी तासभर आधी चालू. चवथीपर्यंत प्लेटवर बुरशीही फार येते. तुझं डिसेंबरात आहे ते बरं आहे, तोवर हवा कोरडी होते. पण मार्च-एप्रिलला वर्म बाहेर ठेवू नकोस, त्यांना २० अंश लागतात, २५ च्या वर ते त्रासतात आणि आपल्या खोलीतल्या ३०-३२ ला तर अंडी द्यायचंच बंद करतात. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर आहे ना ते आधी विचार, आपल्याकडे लायट कधी जाईल त्याचा नेम नाही.

वीस-तीस वर्म टोचलेस की तीन-चार दिवसांनी पिल्लांत लाल घसे दिसतील. लगेच नाचू नकोस, त्यातल्या दहातल्या एखाद-दुसरीचीच पुढच्या पिढीत लाइन लागते, बाकीच्यांत माळ टिकत नाही. म्हणून प्रत्येक लाल घशाचं पिल्लू वेगळ्या प्लेटवर, आणि त्याच्या पिल्लांत लाल दिसलं तरच ती लाइन. सोमवारी टोचलंस तर पुढच्या आठवड्याच्या शेवटाला कळतं. इतकं लवकर उत्तर देणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही.

अॅरे पक्का करायचा असेल, म्हणजे १०० टक्के पिल्लांना मिळावा, तर गॅमा किरण देतात, साधारण ४० ग्रे, क्रोमोसोम तुटतात आणि जोडले जाताना माळ मधे अडकते. पण नको तिथेही तुटतं, म्हणून मग मूळ एन२ शी (लॅबमधल्या साध्या वर्मशी) चार-सहा वेळा आउटक्रॉस, म्हणजे संकर. हे तुझ्या चार महिन्यांत बसणार नाही, पुढच्या बॅचला ठेव. सोन्याचे कण डीएनए लावून बंदुकीने मारायची पद्धतही आहे, प्रेटिस आणि सहकाऱ्यांची २००१ ची, त्यातली निवडायची युक्ती फार सुंदर आहे: अंक-११९ बिघडलेले वर्म घ्यायचे, ते नीट चालत नाहीत आणि उपाशी पडले की डॉअर (उपासमारीत तगायच्या) अवस्थेत जाऊन तग धरू शकत नाहीत, प्लास्मिडमध्ये चांगला अंक-११९ दिला की प्लेटवरचं खाणं संपल्यावर ज्यांना जीन मिळाला तेच जगतात, तुला शोधावं लागतच नाही. पण मशीन महाग आणि वर्म लाखांनी लागतात. एनएल५९०१ च्या जीनोटाइपमध्येही अंक-११९ दिसेल तुला, ते याचसाठी.

एकच कॉपी हवी असेल तर २००८ पासून मॉस-स्की होतं, फ्रॉकियर-येन्सनचं. माशीतला मॉस-१ ट्रान्सपोझॉन (जागा बदलत उडणारा डीएनएचा तुकडा) क्रोमोसोम २ वर एका माहीत असलेल्या जागी बसवलेली स्ट्रेन, तो उडवला की तिथे डीएनए तुटतो, आणि वर्म ती तूट तुझ्या प्लास्मिडवरून नक्कल करून भरतो. २०१४ चं मिनीमॉस त्याहून सोपं, पण जीन कुठेही जाऊन बसतो, जागा मग शोधावी लागते. क्रिस्परमध्ये तत्त्व हेच, तूट पाडायची आणि भरायला तुझा तुकडा द्यायचा, फक्त तूट तू म्हणशील तिथे. २०१३ ला बऱ्याच लॅबनी ते वर्ममध्ये एकदमच दाखवलं आणि आता आम्ही प्लास्मिड न टोचता कॅस-९ प्रोटीन (कापणारं) आणि गाईड आरएनए (कापायची जागा दाखवणारा) बाहेरच एकत्र करून टोचतो.

सिनियरचं ऐकून क्रिस्पर करणारच असशील तर तीन गोष्टी सांभाळ. तूट आणि तुझा तुकडा बसायची जागा जवळ हवी, दहा-एक बेसच्या आत, लांब गेली की नुसती तूट बुजते आणि तुकडा बसत नाही. तुझ्या तुकड्यात पॅमची (कॅस-९ ला कापायला लागणाऱ्या शेजारच्या खुणेची) जागा बदलून ठेव, नाहीतर बसलेलाच तुकडा कॅस-९ पुन्हा कापतो. आणि डीपीवाय-१० या जीनचा गाईड आरएनएही सोबत टोच, लोळणारी नाहीतर बुटकी पिल्लं दिसली म्हणजे त्या आईत कॅस-९ नक्की चाललाय, त्याच पिल्लांची पीसीआर कर, शेकडोंची करत बसू नकोस. दोन्ही बाजूंना ३५ बेसचे हात पुरतात, जीएफपीएवढा तुकडा पीसीआरनेच बनतो, तो आधी गरम करून थंड केला की जास्त बसतो, हे गांटा आणि मेलोने २०२० ला दाखवलं. पण टोचायचं काम तेच राहतं गे, सुई तीच, पॅड तोच. ज्याला अॅरे जमत नाही त्याला क्रिस्परही जमत नाही. म्हणून माझं म्हणणं, डिसेंबर-जानेवारीत अॅरेच्या तीन लाइन काढ, हात बसेल आणि प्रोजेक्टपुरतं काम हातात येईल, मग फेब्रुवारीत वेळ उरला तर क्रोमोसोम २ वर मूळ आणि म्यूटंट एकाच जागी, एकेक कॉपी. तुलना त्यांच्यावर. आणि हो, कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी नोव्हेंबरातच मागून ठेव, बैठक रोज होत नाही.

आता कुळागराचं. केळीच्या मुळांवर गाठी असतील तर मेलॉयडोगायनी हा सूत्रकृमी, गाठी नसून मुळं लालसर-काळी होऊन कुजत असतील आणि वाऱ्याने केळ उन्मळत असेल तर रॅडोफोलस असू शकतो, तो मिरीलाही लागतो. मनापासून वाटतं की यांच्यावर काम व्हावं, कारण आपल्याकडे नुकसान हे करतात, एलिगन्स नाही. पण एलिगन्स सोपा का आहे ते वर बघ: प्लेटवर बॅक्टेरिया खातो, पारदर्शक, स्वतःच स्वतःला फळवतो, तीन दिवसांत पिढी, तीनशे पिल्लं. गाठीवाल्याची मादी मुळाच्या आत रुतून बसलेली, बाहेर काढलीस तर जगत नाही, बाहेर सापडतं ते दुसऱ्या अवस्थेचं पिल्लू आणि त्याचं गोनॅड तयारच झालेलं नसतं, टोचणार कुठे? मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा तर नराशिवायच वाढतो, म्हणजे क्रॉस करून काही शुद्ध करायचीही सोय नाही. रॅडोफोलस निदान गाजराच्या चकतीवर वाढवता येतो. माणसाच्या आतड्यातला स्ट्राँगिलॉइडिस परजीवी असूनही त्यात जीन टाकता आला, कारण त्याची एक पिढी बाहेर मातीत मोकळी राहते आणि तिच्या माद्या एलिगन्ससारख्याच टोचता येतात. प्रिस्टिऑनकस तर एलिगन्सचा लांबचा भाऊ, तिथेही साधं प्लास्मिड चाललं नाही, त्याचाच जीनोमिक डीएनए त्याच एन्झाइमने कापून सोबत द्यावा लागला. झाडावरच्यांसाठी आज लोक उलट बाजूने जातात, जीन वर्ममध्ये न टाकता झाडात टाकतात, झाड डबल-स्ट्रँड आरएनए बनवतं आणि वर्म ते शोषून घेतो. पीएचडीला हा विषय घेणार असशील तर जरूर घे, एमएस्सीच्या चार महिन्यांत नको.

आणि पहिली लाइन लागली त्याच आठवड्यात ती गोठव, मोजमाप नंतर. लाल घशाचे वर्म निवडून नव्या प्लेटवर वाढव, खाणं संपून पिल्लं उपाशी पडू देत, पहिल्या अवस्थेतली उपाशी पिल्लंच गोठवण तगतात, ग्लिसरॉल शेवटी १५ टक्के होईल असं घाल, थर्माकोलच्या डब्यात घालून उणे ८० ला, म्हणजे हळू गार होतात. दुसऱ्या दिवशी एक नळी वितळवून बघ जिवंत आहेत का. आमच्या दोन लाइन अशाच गेल्या, मे महिन्याच्या शनिवारी लायट गेली, सोमवारी इन्क्युबेटर ३४ वर होता, आणि गोठवायचं काम त्या सोमवारसाठीच ठेवलेलं.